अंटार्क्टिकाला गेट कुठे आहे?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. तो पुण्यात नोकरीला आहे आणि नाताळ व नववर्षाच्या सुट्ट्या जोडून पत्नीसह अंटार्क्टिकाची सफर करून परतला होता. चिमूर तालुक्यातल्या, ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या आमच्या गावातून इतक्या दूर गेलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही, म्हणून त्याने सातवीच्या वर्गाला छायाचित्रे दाखवावीत अशी विनंती मी केली आणि त्याने ती आनंदाने मानली. अर्जेंटिनातले उशुआया बंदर, ड्रेक सामुद्रधुनी ओलांडताना दोन दिवस हेलकावे खाणारे जहाज, रबरी होडीत बसण्याआधी जंतुनाशकात बुडवून घासलेले बूट, दगडगोट्यांच्या घरट्यांवर बसलेले जेंटू पेंग्विन आणि त्यांच्या पोटाखालून मान बाहेर काढणारी राखाडी पिले, हे सारे मुलांनी एरवीची गडबड विसरून पाहिले. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील सफारीच्या जिप्सीवर गाईड आहेत. ती म्हणाली, "सर, तिथचं गेट कुठं असते? आन् एका टाइमाले किती गाड्या सोडतेत?"

एका वेळी एका ठिकाणी शंभरापेक्षा जास्त माणसे उतरवत नाहीत, असे पाहुण्याने सांगितले, आणि ते खरे आहे. मुलीचे समाधान झाले नाही. तिला दिवसाचा आणि हंगामाचा एकूण आकडा हवा होता, कारण आमच्याकडे कोणत्या गेटमधून सकाळी किती आणि दुपारी किती गाड्या आत जातील हे ठरलेले असते व लहान पोरांनाही ते ठाऊक असते. घरी येऊन मी जे मिळेल ते वाचले, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर असे निघाले की अंटार्क्टिकात दरवर्षी किती पर्यटक जावेत याला कसलीही मर्यादा नाही. ही मर्यादा कशी असावी याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, आणि चर्चा चालू असताना संख्या वाढते आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की चर्चा संपेपर्यंत संख्या आज आहे तिथेच गोठवली जावी आणि ही मागणी भारताने मांडावी.

आकड्यांचा अंदाज आधी द्यायला हवा. १९९२-९३ च्या हंगामात अंटार्क्टिकाला सुमारे ६,७०० पर्यटक गेले होते. २०२३-२४ च्या हंगामात ही संख्या सुमारे १,२२,००० होती. त्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोक प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरले, उरलेल्यांनी जहाजावरूनच दर्शन घेतले. तीस वर्षांत अठरा पट वाढ झाली. यावर असे उत्तर मिळते की अंटार्क्टिका १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा खंड आहे, तिथे लाखभर माणसे म्हणजे काहीच नाही. हे उत्तर भूगोलाच्या शिक्षकाला पटणारे नाही. त्या खंडाचा एक टक्काही भाग बर्फाबाहेर नाही. जेंटू, अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप या जातींच्या पेंग्विनांना घरट्यासाठी उघडी, खडकाळ जमीन लागते, शेवाळ आणि दगडफूल उगवते ते तिथेच, संशोधनतळ बांधले जातात ते बहुतेक तिथेच, आणि प्रवाशांच्या होड्या टेकतात त्याही तिथेच. शिवाय जवळजवळ सगळी जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकासमोर आलेल्या द्वीपकल्पाकडे जातात. म्हणजे खंड प्रचंड असला तरी गर्दी होते ती त्याच्या उंबरठ्यावर. आणि ती होते नोव्हेंबर ते मार्च या काळात, ज्याच्या मध्यावर, आपल्या नाताळच्या सुट्टीच्या सुमारास, पिले अंड्यातून बाहेर येत असतात.

नियम नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. १९९१ साली माद्रिदमध्ये पर्यावरण संरक्षणाचा पूरक करार मान्य झाला आणि १९९८ पासून तो लागू आहे. त्याच १९९१ साली सात पर्यटन कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना स्थापन केली. एका वेळी शंभर माणसे, पाचशेपेक्षा अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणालाही उतरवायचे नाही, पेंग्विनापासून पाच मीटर अंतर, बुटांची सफाई, हे शिस्तीचे नियम प्रामुख्याने या संघटनेने घालून घेतले आणि पाळले आहेत. त्याबद्दल तिला श्रेय द्यायला हवे, कारण सरकारे झोपलेली असताना व्यावसायिकांनी स्वतःहून बंधने घेतल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत. २००९ साली करारातील देशांनी शंभराचा आणि पाचशेचा नियम स्वतः मंजूर केला खरा, परंतु असा निर्णय कायद्याने बंधनकारक व्हायचा तर प्रत्येक सल्लागार देशाने, म्हणजे करारात निर्णयाचा अधिकार असलेल्या देशाने, त्याला आपापल्या घरी मान्यता द्यावी लागते, आणि ते काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले.

या सगळ्या नियमांचा रोख एका जहाजाच्या, एका होडीच्या, एका माणसाच्या वागण्यावर आहे. जहाजे किती, हा प्रश्न त्यांत येतच नाही. आम्ही जंगलाच्या काठावर राहणारी माणसे या फरकाकडे दुर्लक्ष करू शकत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, वर्षअखेरच्या सुट्टीच्या गर्दीत, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिले रस्त्यावर आली आणि सफारीच्या गाड्यांनी त्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्या गाड्यांतला प्रत्येक माणूस निर्दय होता असे मी मानत नाही. प्रत्येकाला फक्त एकदा डोळे भरून पाहायचे होते. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली, वनविभागाला जाब विचारला आणि गाड्यांवर व गाईडवर कारवाई झाली. तिथे गेट होते, गेटवर नोंद होती, नोंदीमागे कायदा होता आणि कायद्यामागे नागपुरात न्यायालय होते. एवढे असूनही ती वाघीण अडकलीच. जिथे यांपैकी काहीच एका जागी नाही तिथे केवळ चांगल्या वागणुकीच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते.

झालेले आणि होऊ शकणारे नुकसान कोणते, हेही नेमकेपणाने सांगायला हवे, कारण अतिशयोक्तीने या विषयाची हानीच होते. २०२२ साली एका वैज्ञानिक नियतकालिकात चिलीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जहाजांच्या, विमानांच्या आणि जनित्रांच्या धुरातली काजळी बर्फावर बसली की बर्फ काळवंडतो, ऊन परतवण्याऐवजी शोषून घेतो आणि लवकर वितळतो. पांढऱ्या धोतरापेक्षा काळी घोंगडी उन्हात अधिक तापते, तसेच हे आहे. त्या अभ्यासाच्या हिशेबाप्रमाणे एका पर्यटकाच्या वाट्याची काजळी उन्हाळ्यात सुमारे ८३ टन बर्फ वितळवते. त्याच अभ्यासात संशोधनतळांभोवतीही काजळी आढळली, हे लपवण्यात अर्थ नाही. साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे जड इंधन तेलावर २०११ पासून बंदी आहे, त्यामुळे स्थिती काही प्रमाणात सुधारली आहे. परंतु प्रत्येक जहाज स्वच्छ झाले आणि जहाजेच दुप्पट झाली तर हाती काय उरणार?

रोगाची आणि परक्या बियाण्यांची गोष्ट अशीच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात बर्ड फ्लूचा विषाणू दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंत पोहोचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिका द्वीपकल्पावर त्याची खात्री झाली. तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला, पर्यटकांनी नेला नाही. पण एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत, एकाच दिवशी, तेच बूट फिरत असतील तर धोका वाढतो. किंग जॉर्ज बेटावरील पोलंडच्या संशोधनतळाजवळ युरोपातले एक साधे गवत १९८० च्या दशकापासून रुजले आहे आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षे खपावे लागले. आमच्या धुऱ्यावर गाजरगवत कसे आले आणि एकदा आल्यावर किती पिढ्यांना निंदावे लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला याविषयी वेगळे समजावण्याची गरज नाही.

अपघाताचा विचार तर आणखी गंभीर आहे. २३ नोव्हेंबर २००७ रोजी 'एक्सप्लोरर' नावाचे प्रवासी जहाज दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. १५४ माणसे काही तास उघड्या होड्यांत होती आणि सगळी वाचली, कारण हवा बरी होती आणि दुसरे प्रवासी जहाज वेळेत पोहोचले. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर २०६ माणसांचे जहाज गाळात रुतले आणि तीन दिवसांनी एका संशोधन-नौकेने ते ओढून काढले. त्या समुद्रांत १०८ क्रमांकाची गाडी येत नाही. वाचवायला जे येते ते बहुधा शेजारून जाणारे दुसरे जहाज असते.

पर्यटनाच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भारदस्त मुद्दा असा आहे की जो माणूस अंटार्क्टिका पाहून येतो तो आयुष्यभर तिचा कैवारी होतो. हा मुद्दा मी हलक्याने घेत नाही, कारण ताडोबाच्या बाबतीत मी स्वतः तो अनेकदा मांडला आहे. आमच्या भागात वाघाने गुरे मारली, माणसेही मारली, आणि तरीही बफरमधली गावे वाघाच्या बाजूला काही प्रमाणात उभी आहेत याचे एक कारण असे की गाईड, जिप्सीचालक, होम-स्टे चालवणाऱ्या बाया, गेटवर काम करणारी पोरे यांच्या घरात सफारीतून पैसा येतो. पाहुणा निघून जातो. जंगल राखतो तो इथे उरलेला माणूस. पर्यटनाने संरक्षण होते या म्हणण्यात जे काही सत्य आहे ते या उरलेल्या माणसामुळे आहे. अंटार्क्टिकात असा माणूस नाही. तिथे कायमची वस्ती कोणाचीच नाही, काठावर गाव नाही, गावात ग्रामसभा नाही. पर्यटनाचा पैसा उशुआयाच्या बंदरात आणि दूरदूरच्या कंपन्यांच्या खात्यांत जातो आणि पेंग्विनांच्या वसाहतीभोवती राखणीला कोणी उरत नाही. म्हणून जे समर्थन ताडोबाला लागू पडते ते जसेच्या तसे दक्षिण ध्रुवाकडे नेता येत नाही. आमच्या पाहुण्याच्या मनात त्या प्रवासाने खरोखर काहीतरी हलले आहे, हे मला त्याच्या बोलण्यातून जाणवले. परंतु त्याच्या भावनेला काम करायला तिथे कोणतेही व्यासपीठ नाही.

जिथे धनी आहे तिथे मर्यादा घालता येते, हे उत्तर ध्रुवाकडे दिसते. स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली आहे. भारताचे 'हिमाद्री' हे संशोधनकेंद्र २००८ पासून तिथे आहे. नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित क्षेत्रांत जाणाऱ्या जहाजावर २०० हून अधिक प्रवासी असू नयेत, ठरवून दिलेल्या जागांवरच उतरावे आणि ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, वसंत ऋतूत ५०० मीटर दूर राहावे, असे नियम लागू केले. एका सरकारने ठरवले आणि झाले. अंटार्क्टिकात सात देशांनी जमिनीवर हक्क सांगितलेले आहेत, ते सगळे १९५९ च्या कराराने जसेच्या तसे गोठवून ठेवले आहेत, आणि पुढचा प्रत्येक निर्णय २९ सल्लागार देशांच्या एकमताने व्हायचा असतो.

एकमताची पद्धत वाईट आहे असे म्हणायला मी तयार नाही. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा अवघ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथली ग्रामसभा निर्णय बहुमताने करत नाही, सर्वसहमतीने करते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे जातो, पुन्हा चर्चा होते, अभ्यासगट बसतो. मग तीच पद्धत मेंढ्यात जंगल राखते आणि अंटार्क्टिकात पर्यटनापुढे हतबल का होते, याचा मी बराच विचार केला. एक कारण उघड आहे: मेंढ्यातल्या सभेत जे बसतात त्यांनाच चुकीच्या निर्णयाचे फळ भोगावे लागते. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण मला असे वाटते की मेंढ्यात निर्णय होत नाही तोवर बांबू उभा राहतो. अंटार्क्टिकात निर्णय होत नाही तोवर जहाजे चालू राहतात, आणि एकंदरीत वाढत जातात. उशिराचा लाभ एका ठिकाणी जंगलाला मिळतो आणि दुसऱ्या ठिकाणी धंद्याला.

म्हणून आधी थांबावे आणि मग बोलावे. यात नवे काही नाही. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत पर्यटनावर अंतरिम बंदी घातली होती. आमच्या गावात तेव्हा मोठी घबराट झाली. जिप्सीसाठी कर्ज काढलेल्यांची झोप उडाली होती, आणि मी त्या बंदीच्या विरोधात बोलणाऱ्यांपैकी होतो. पण वर्षानुवर्षे लांबलेली मार्गदर्शक तत्त्वे त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आली, गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच पर्यटनाला खुला राहील असे ठरले आणि १६ ऑक्टोबरला बंदी उठली. आज आमच्या पोरांना गाड्यांची संख्या तोंडपाठ आहे. त्या संख्येला असा आधार मिळायला आधी कोणीतरी थांबवावे लागले. खुद्द अंटार्क्टिकाचा इतिहासही हेच सांगतो. तिथल्या खनिजांचा लोभ वाढू लागला तेव्हा करारातील देशांनी १९७७ साली ठरवले की वाटाघाटी चालू आहेत तोवर कोणी खनिजांना हात लावू नये. पुढे अकरा वर्षे बोलणी चालली, १९८८ चा खनिजविषयक करार झाला आणि अमलात न येताच मागे पडला, आणि १९९१ मध्ये वैज्ञानिक संशोधन सोडून खाणकामाला पूर्ण मनाई झाली. आधी संयम पाळला होता म्हणूनच मनाई करताना बंद करण्यासारखी एकही खाण तिथे नव्हती.

पर्यटनाच्या बाबतीत असा संयम व्यवहारात कसा आणायचा, हेही अवघड नाही. त्या मुलीने विचारलेले गेट खरे तर अस्तित्वात आहे. ते फक्त तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या राजधान्यांत विखुरलेले आहे. प्रत्येक सफर आयोजित करणाऱ्या कंपनीला करारातील कोणत्या ना कोणत्या देशाकडे पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. त्या देशांनी एवढेच मान्य करावे की सर्वंकष नियम ठरेपर्यंत एका ठरावीक हंगामातील एकूण प्रवासीसंख्येपेक्षा अधिक संख्येला आम्ही अनुमती देणार नाही, आणि नवे जहाज घ्यायचे तर जुने काढून. चालू कंपन्या बुडणार नाहीत. संख्या गोठवली तर तिकिटे महागतील आणि फक्त अतिश्रीमंतच जातील, अशी शंका घेतली जाते; ही सफर आजही माणशी कित्येक लाखांची आहे आणि सोडतीने जागा देण्यासारख्या उपायांवर थांबलेल्या काळात विचार होऊ शकतो.

भारताने हे का करावे? डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली आणि १९८३ पासून भारत सल्लागार देश आहे, म्हणजे त्या एकमतात आपलेही एक मत आहे. 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रे तिथे चालू आहेत. २०२२ साली संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. मे २०२४ मध्ये कराराची ४६ वी बैठक कोचीत भरली तेव्हा पर्यटनाच्या सर्वंकष चौकटीवर पहिल्यांदाच स्वतंत्रपणे चर्चा सुरू झाली आणि यजमान म्हणून भारताने त्यात पुढाकार घेतला. आपल्या बंदरांतून तिकडे पर्यटक जहाजे निघत नाहीत, त्यामुळे थांबा म्हणताना आपल्यावर स्वार्थाचा आरोप येणार नाही. पुढे आपल्याही कंपन्या या धंद्यात उतरल्या की हेच म्हणणे आपल्याला जड जाईल. अर्थात असे म्हणायचे तर आपल्या संशोधनकेंद्रांची काजळी, इंधन आणि ये-जा यांचाही हिशेब आपण आधी टेबलावर ठेवला पाहिजे.

पाहुणा पुण्याला परतण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी आला आणि संकोचून म्हणाला, "सर, मी जायला नको होतं का?" मी त्याला सांगितले की तू नियम मोडून गेला नाहीस आणि तुला दोष देण्याचा माझा हेतू नाही, पण तू जे पाहिलेस ते पाहणाऱ्यांची संख्या ठरावी यासाठी तू बोललास तर तुझ्या बोलण्याला माझ्यापेक्षा वजन आहे. त्याने भू-विज्ञान मंत्रालयाला पाठवायच्या पत्रावर मुलांबरोबर सही करण्याचे कबूल केले आहे. पत्राचा मसुदा सातवीच्या वर्गात चालू आहे. संख्या कोणत्या वर्षाची धरायची यावर वाद आहे: काही मुले २०२३-२४ चीच संख्या कायम ठेवा म्हणतात, काहींना ती निम्मी हवी आहे, आणि त्या मुलीचे म्हणणे आहे की पिले लहान असतात तेवढे दिवस गेट बंदच असावे, पावसाळ्यात आपले असते तसे. वर्गाने मेंढ्याची रीत धरली आहे, त्यामुळे पत्र अजून गेलेले नाही.